किल्लीच्या आधी कागद : घर घेणाऱ्यांसाठी चार प्रश्न

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे आपण शाळेपासून शिकत आलो. यांपैकी निवाऱ्याची गरज भागविताना सामान्य नोकरदाराचे निम्मे आयुष्य खर्ची पडते. आधी चाळीतली एक खोली, मग अकरा-अकरा महिन्यांच्या कराराची भाड्याची घरे आणि केव्हातरी चाळिशीच्या आसपास स्वतःची सदनिका. भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक, पतपेढीचे कर्ज, पत्नीचे दागिने आणि पुढील वीस वर्षांचा पगार हे सारे या एकाच व्यवहारात पडते. असे असूनही, मंडईत चार गाळे फिरून भाजी घेणारा माणूस घराच्या बाबतीत मात्र ‘बिल्डर ओळखीचा आहे’ एवढ्यावर सही करून मोकळा होतो.

बँकेच्या गृहकर्ज विभागात काम करताना एक समजूत मला वारंवार आढळते. घराची किल्ली हातात आली की घर आपले झाले, असे बहुतेकांना वाटते. वास्तविक किल्लीने मिळतो तो फक्त ताबा. मालकी सिद्ध होते ती कागदाने. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी मालमत्ता घेतलेली नाही, त्यांना हे सांगणारे वडीलधारे माणूसही नसते. म्हणून सभासद बंधू-भगिनींसाठी आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांसाठी ही माहिती चार प्रश्नांच्या रूपाने मांडत आहे. पैसे देण्यापूर्वी या चारही प्रश्नांची उत्तरे तोंडी नव्हे, कागदावर मिळाली पाहिजेत.

प्रश्न पहिला : जमीन कोणाची आहे?

इमारत हवेत उभी राहत नाही. तिच्याखालच्या जमिनीत दोष असेल तर वरच्या प्रत्येक सदनिकेत तो उतरतो. ग्रामीण व निमशहरी भागात जमिनीचा सातबारा उतारा आणि त्यावरील फेरफार पाहावेत. शहरात नगर भूमापन झालेले असेल तेथे मालमत्ता पत्रक, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड पाहावे. सातबाऱ्यावर मालकाचे नाव वाचून थांबू नये. ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क किंवा न्यायालयीन वाद यांची नोंद असू शकते. खरी गोम बहुधा तेथेच असते.

जमिनीची भूधारणा पद्धती हीही महत्त्वाची बाब आहे. ‘भोगवटादार वर्ग १’ ची जमीन धारक सर्वसाधारणपणे मुक्तपणे विकू शकतो. ‘भोगवटादार वर्ग २’ च्या जमिनीवर शासनाच्या अटी असतात. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि त्या जमिनी अटींवर पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या. अशी जमीन इमारतीसाठी विकताना सक्षम महसूल अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आणि नजराण्याचा भरणा आवश्यक असतो. गावाकडच्या वडिलोपार्जित वतनी जमिनीसाठी दलालाने कोऱ्या कागदावर सही मागितली तर ती देऊ नये. आणि अशा जमिनीवरील घर घ्यावयाचे असल्यास परवानगीचा आदेश प्रत्यक्ष पाहावा.

तिसरी गोष्ट आरक्षणाची. विकास आराखड्यात तो भूखंड शाळा, मैदान, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखीव आहे काय, हे महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात समजते. नालासोपाऱ्यात कचराभूमी व सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. ती कारवाई २०२५ च्या सुरुवातीला पूर्ण झाली. तेथील रहिवाशांनीही घरासाठी पैसे मोजले होते आणि वर्षानुवर्षे संसार केला होता.

जमिनीच्या कागदांची छाननी आपल्या ओळखीच्या, स्वतंत्र वकिलाकडून करून घ्यावी. तो साधारणपणे मागील ३० वर्षांच्या नोंदी तपासून शोध अहवाल देतो. बिल्डरने दिलेला वकिलाचा दाखला हा बिल्डरच्या वकिलाचा असतो, हे विसरू नये.

प्रश्न दुसरा : बांधकामाला मंजुरी आहे काय?

येथे दोन प्रमाणपत्रे ओळखून ठेवावीत. बांधकाम सुरू करण्याची परवानगी म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र. यालाच बोलीभाषेत सी.सी. म्हणतात. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण होऊन राहण्यास योग्य असल्याचा दाखला म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, अर्थात ओ.सी. प्रारंभ प्रमाणपत्र कितव्या मजल्यापर्यंत आहे, हेही पाहावे. परवानगी सातव्या मजल्यापर्यंत आणि आपली सदनिका नवव्या मजल्यावर, असे असेल तर ती घेऊ नये. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील इमारतींवर मंजुरीपेक्षा अधिक मजले चढविले गेले होते. ते अनधिकृत असल्यावर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. रहिवासी तेथे त्यापूर्वी कितीतरी वर्षे राहत होते. म्हणजेच ‘इतकी वर्षे राहतोय, आता कोण काय करणार’ हा युक्तिवाद टिकत नाही.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण रेरा म्हणतो, ग्राहकाला चांगले संरक्षण दिले आहे. प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे असणे बंधनकारक आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या लहान प्रकल्पांना मात्र यातून सूट आहे. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम बिल्डरला स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती त्या प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठीच वापरावी लागते. ताबा मुदतीत न दिल्यास ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा व्यवहार कायम ठेवून विलंबाचे व्याज घेऊ शकतो. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळल्यास तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा आहे.

तथापि, रेराचा क्रमांक दिसला म्हणून डोळे मिटून चालणार नाही. कल्याण-डोंबिवली परिसरात महापालिकेच्या बनावट परवानग्या सादर करून महारेराची नोंदणी मिळविल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. यातून धडा एवढाच की, संकेतस्थळावर दिसणारी परवानगी ज्या महापालिकेने दिली असे म्हटले आहे, तिच्या नगररचना विभागात जाऊन ती खरी आहे काय ते विचारावे. परवानगीचा क्रमांक व दिनांक लिहून घेऊन गेल्यास काम सोपे होते. एक दिवसाची रजा पडेल, पण ती आयुष्यातील सर्वांत किफायतशीर रजा ठरू शकेल.

याच संदर्भात आणखी एक गैरसमज दूर करणे मला माझ्या नोकरीमुळे आवश्यक वाटते. ‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे घर कायदेशीर आहे’ असे लोक बिनदिक्कत म्हणतात. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेची रक्कम सुरक्षित राहावी म्हणून. पुढे घर अडचणीत आले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, कारण कर्जदार म्हणून सही आपली असते. बँकेची तपासणी ही आपल्या तपासणीच्या जोडीला असावी, तिच्या जागी नव्हे.

प्रश्न तिसरा : माझ्या नावावर नेमके काय होणार आहे?

सर्वप्रथम क्षेत्रफळ. रेरा कायद्यानुसार विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेट एरियावर व्हावयाची आहे. यात घराच्या आतील भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी व खुली गच्ची धरत नाहीत. समजा, तोंडी ७०० चौरस फूट आणि ४२ लाख रुपये सांगितले. भाव पडला चौरस फुटाला ६,००० रुपये. पण करारात कार्पेट ४५० चौरस फूट निघाले, तर खरा भाव ९,३३३ रुपये होतो. दोन घरांची तुलना करताना दोन्हीकडे कार्पेटचाच आकडा घ्यावा.

दुसरी बाब करारनाम्याची. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदविण्यासाठी सादर करावा लागतो. नोंदणीनंतर ‘इंडेक्स-टू’ ची प्रत घ्यावी आणि त्यातील नावे, सदनिका क्रमांक व क्षेत्रफळ तेथेच उभे राहून तपासावे. वीस हजार रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने देऊ-घेऊ नये. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात तशी रोख रक्कम स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे. शिवाय रोखीने दिलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही, तो तोटा वेगळाच.

तिसरी बाब कुलमुखत्यारपत्राची. झोपडपट्टी पुनर्वसनातील सदनिका, चाळीतील खोल्या व वसाहतींतील घरे अनेकदा नोटरी केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर ‘विकली’ जातात. पुनर्वसनाचे घर ठरावीक मुदत संपण्यापूर्वी विकता येत नाही, म्हणून ही पळवाट काढली जाते. एक सेवानिवृत्त कामगार मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवून कर्ज घ्यावे म्हणून आमच्याकडे आले होते. अठरा वर्षे ते त्या घरात राहत होते. वीजबिल त्यांच्या नावाचे, मतदार यादीत पत्ता तोच. पण फाईलमध्ये फक्त नोटरीचे कुलमुखत्यारपत्र होते आणि ते लिहून देणारा मूळ मालक वारला होता. त्याच्या मृत्यूबरोबर त्या मुखत्यारपत्राचा जोरही संपला होता. घर असूनही त्यांना तारण ठेवण्यासारखे काही नव्हते. मुलीची त्या वर्षीची प्रवेशाची संधी गेली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्टच सांगितले आहे की, कुलमुखत्यारपत्रावरील अशा विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही. कमी किमतीचा मोह येथेच आवरावा.

जुनी सदनिका घेत असल्यास पहिल्या करारापासून आजपर्यंतच्या सर्व करारांची साखळी अखंड असली पाहिजे. सोसायटीचे मूळ भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, विक्रेत्याच्या नावावर असल्याची खात्री करावी. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर व वीजबिल भरल्याच्या पावत्या घ्याव्यात. सदनिकेवर आधीचे कर्ज असल्यास त्या बँकेचे पत्र घ्यावे. सोसायटीला हस्तांतरणासाठी मागेल ती रक्कम घेता येत नाही. २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरविण्यात आली. ‘इमारत निधी’ किंवा ‘देणगी’ असे नाव देऊन त्याहून जास्त मागितल्यास लेखी मागणी करण्यास सांगावे.

हिशेब आधी, टोकन नंतर

किमतीचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. ४० लाख रुपयांचे घर घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि ३० ते ७५ लाखांचे कर्ज ८० टक्क्यांपर्यंत देता येते. म्हणजे येथे कर्ज जास्तीत जास्त ३२ लाख, आणि तेही पगार पाहून. स्वतःचे आठ लाख लागतील. मुद्रांक शुल्क शहरी भागात साधारण सहा ते सात टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार ते २ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम कर्जात धरली जात नाही. म्हणजे हाती सुमारे ११ लाख रुपये असल्याशिवाय टोकन देऊ नये. घर एकट्या महिलेच्या किंवा केवळ महिलांच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून लागू झाली. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जी.एस.टी. लागत नाही, बांधकाम चालू असलेल्या घरावर लागतो. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास तिच्या एक टक्का रक्कम विक्रेत्याला न देता त्याच्या नावे आयकर खात्यात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते.

हप्त्याचेही तसेच. २० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये निव्वळ व्याज असते. पूर्ण मुदतीत एकूण ४३ लाख १९ हजार रुपये भरले जातात. तेच कर्ज १५ वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे २०,२८५ रुपये होतो, पण एकूण भरणा साडेसहा लाखांहून अधिक कमी होतो. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकेला आकारता येत नाही. म्हणून बोनस किंवा थकबाकी हाती आली की त्यातील काही भाग मुद्दलात भरावा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू झाला.

विकणाऱ्यांसाठीही दोन शब्द. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ताबा देऊ नये आणि मूळ कागद हातावेगळे करू नयेत. आपल्या प्रत्येक कागदाची प्रत कायम जपून ठेवावी. नफ्यावरील आयकराचा सल्ला व्यवहार झाल्यावर नव्हे, आधी घ्यावा, कारण दुसऱ्या घरात रक्कम गुंतवून मिळणाऱ्या सवलतीला मुदती असतात.

प्रश्न चौथा : माझ्यानंतर घराचे काय?

हा प्रश्न विचारायला माणूस कचरतो, पण सर्वाधिक भांडणे येथेच होतात. सोसायटीत नामनिर्देशन केले, म्हणजे घर त्या व्यक्तीचे झाले, असे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार, वारसांचा हक्क ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ तात्पुरती सभासद असते. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा त्याचे नाव काहीही असले तरी बौद्ध धर्मीयांनाही लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्र न करता पुरुष वारल्यास त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान वाटा मिळतो. लग्न झालेली मुलगीही त्यात आली. मुलींची संमती गृहीत धरून परस्पर सह्या घेण्याचे प्रकार थांबले पाहिजेत. घर घेतानाच करारनाम्यात पत्नीचे नाव संयुक्त मालक म्हणून घालावे. शिवाय दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र करून ठेवावे. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

‘माझ्यानंतर’ मध्ये इमारतीचाही विचार येतो. सदनिका आपल्या नावावर असली तरी खालची जमीन बिल्डर किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली असते, अशा सोसायट्या आजही पुष्कळ आहेत. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली की ही उणीव भोवते. १९६३ च्या मोफा कायद्यानुसार बिल्डरने जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून द्यावयाची आहे. तो टाळाटाळ करीत असल्यास २००८ च्या सुधारणेने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला केला आहे. त्यासाठी सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावयाचा असतो. येत्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक सभासदाने कमिटीला एकच प्रश्न विचारावा, ‘आपले कन्व्हेयन्स झाले आहे काय?’

विद्यार्थी मित्रांना एक काम सांगावेसे वाटते. सातबारा, महारेराची नोंद, इंडेक्स-टू हे सारे आज संगणकावर पाहता येते. आई-वडिलांना हे जमेलच असे नाही, तुम्हाला जमते. या सुट्टीत घरची कागदपत्रे एका फाईलमध्ये लावा. करारनामा, इंडेक्स-टू, मुद्रांक व नोंदणी फीच्या पावत्या, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची शेवटची पावती आणि कर्ज असल्यास बँकेचे मंजुरीपत्र, अशी यादी फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. जो कागद नसेल त्यापुढे खूण करा आणि तो कोठून मिळेल ते वडीलधाऱ्यांबरोबर बसून ठरवा. घर आधीच घेतलेले असले, तरी राहिलेला कागद मिळवायला आजही उशीर झालेला नाही.